उन्हात धरलेला मदरबोर्ड

तापमास्तरांना चोर म्हणून मारलं. गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, अमरावतीच्या क्लासेसच्या गल्लीत, सगळ्यांच्या देखत. हेल्मेटनं मारलं, कुलरच्या स्टँडचा पाइप उपटून मारलं आणि खाली पडल्यावर उजवा हात बुटाखाली घेऊन चिरडला. तो हात काय होता हे बूटवाल्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

त्या हाताच्या बोटांची पाठ हाच मास्तरांचा थर्मामीटर. बिघडलेला कॉम्प्युटर आला की झाकण उघडायचं आणि बोटं उलटी करून मदरबोर्डवर फिरवायची, आई फणफणलेल्या लेकराच्या गळ्याखाली हात लावते तशी. मग निदान: "याले ताप हाय." एका क्लासमध्ये गणित शिकवायचे आणि हौस म्हणून सुटे भाग आणून ओळखीच्यांना कॉम्प्युटर जोडून द्यायचे. तापमास्तर म्हणून तोंडावर हाक मारली तरी चालायची. बाकी काहीच चालायचं नाही.

माणूस भयंकर होता. वर्गात खडू नेम धरून कपाळावर मारायचे, कॅबिनेटला लाथ घालायचे, न निघणाऱ्या स्क्रूच्या आईबापांचा उद्धार करायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या मनगटावर असा फटका हाणला की वळ उठला.

झालं असं, की आमच्या संघटनेची पत्रकं मी घरीच जुळवते. मुलींच्या वसतिगृहाला पाणी नाही, त्याचं पत्रक करत होते आणि कॉम्प्युटर दर दहा ओळींना फट्‌कन बंद पडत होता. मे महिना. मी अख्ख्या वऱ्हाडानं केलं असतं तेच केलं. कॅबिनेटची बाजू उघडली आणि कुलरचं तोंड आत वळवलं.

बोलावल्यावर मास्तर आले, बघितलं, मला फटका मारला आणि कुलरची वाळ्याची ताटी उपसून अंगणात भिरकावली.

"मारून राहिली का त्याले?"

"मास्तर, गरम होते म्हणून..."

"गरम होते त पंखा लाव! ओला वारा कायले घालतं? बोरचं पाणी हाय ना? पाय त्या ताटीवर, पांढरं फटक मीठ. तेच मीठ या बोर्डावर बसते, अन् तांबं खाते. मी खारपाणपट्ट्यातला हाओ, मिठाचं मले नोको शिकवू!"

मग बोर्ड सोडवला आणि थेट रस्त्यावर जाऊन उभे राहिले. ही त्यांची ठरलेली रीत. ट्यूबच्या उजेडात सगळे बोर्ड साव दिसतात, असं म्हणायचे. उन्हात धरल्याशिवाय दुखणं कळत नाही. रस्त्याच्या मधोमध, हात वर, डोळे बारीक. मागून ऑटोवाल्यानं हॉर्न फोडला.

"ओ काका, मराले हाच रस्ता भेटला का?"

"थांब बे! पेशंट पाहून राहिलो!"

माझ्या बोर्डाला मीठ फार लागलं नव्हतं. दुखणं दुसरंच निघालं. प्रोसेसरवरच्या थंडाव्याच्या जाळीची एक कडी सुटलेली आणि मधली उष्णता वर पोचवणारी पेस्ट वाळून खडखडीत. "वरचं थंडं अन् खालचं जयते. लग्न मोडलं हाय दोघायचं." जुनी पेस्ट खरवडून त्यांनी वाटाण्याएवढी नवी ठेवली आणि कडी अशी दाबली की मला वाटलं बोर्ड फुटला. फुटला नाही. पत्रक निघालं. पाणीही आलं. मास्तरांनी पत्रक वाचून एवढंच म्हटलं, "ए पत्रकवाले, शिव्या कमी हायेत याच्यात."

आता अखाजीची गोष्ट.

गल्लीत एका सरांची मोठी अभ्यासिका आहे. त्यांची व्याख्यानं चित्रित करायला मास्तरांनीच मशीन जोडून दिलेलं. उन्हाळा लागला तसं तेही बंद पडू लागलं. मास्तर दर वेळी जात, कुलर हटवत, शिव्या देत. त्यांची पाठ वळली की सर कुलर परत मशीनकडे फिरवत. वर पत्र्याखाली पोरं घामानं निथळत बसायची आणि कुलर मशीनला!

अखाजीला ते मशीन कायमचं गेलं. मास्तरांना जेवणावरून उठवून बोलावलं. शर्टावर आमरस सांडलेला, तसेच गेले. पुढचं मला समोरच्या रसवंतीवाल्यानं सांगितलं. आतून आवाज येत होते. सर म्हणत होते, जुना बोर्ड नवा म्हणून लावला. मास्तर ओरडत होते, "तुमच्या कुलरनं खाल्ला त्याले! चाला, उनात दाखवतो!" आणि ते बोर्ड घेऊन बाहेर आले. सर मागे आलेच नाहीत. सरांनी खिडकीतून आरोळी ठोकली, "पकडा त्याले! बोर्ड घेऊन पयून राहिला!"

कोण पळत होतं? मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे होते. हात वर, डोळे बारीक. चोरी करून पळणारा माणूस माल उन्हात धरून निरखत उभा राहतो काय? पण उसाच्या रसाचे ग्लास घेऊन बसलेल्या पोट्ट्यांना तेवढं पुरलं. पहिलं हेल्मेट कानशिलावर बसलं. "बोर्ड पाय आधी, बोर्ड पाय!" असं ते ओरडत होते म्हणे. दात तुटला तरी तेच.

मी पोचले तेव्हा आमरसात रक्त मिसळलं होतं. बोर्ड नालीच्या काठाला पडलेला. मी तो उन्हात धरला. जाळीच्या बुडाशी पांढरा थर होता, नखानं निघेल असा.

ठाण्यात चोरीची तक्रार आधीच लिहून झाली होती. मारहाण कोणी केली? अज्ञात जमाव. मी मीठ दाखवलं. साहेब हसले, "मीठ काय साक्ष देते का मॅडम?" रसवंतीवाल्यानं सगळं सांगून हात जोडले, "माह्यं नाव नोको घेऊ, ताई, धंदा याच गल्लीत हाय." आणि फोनाफोनी जो व्हिडिओ फिरला, 'चोर सापडला' म्हणून, तो पहिल्या फटक्यापासून सुरू होतो. त्याआधीचं कापलेलं आहे.

क्लासनं मास्तरांना काढलं. ते अकोल्याला बहिणीकडे असतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले होते. बोटं वाकडी जुळली आहेत. बहिणीनं चहा ठेवला, त्यांनी बोटांची पाठ कपाला टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"गरम हाय का?" मला विचारलं.

मी म्हटलं, "हो मास्तर, वाफ निघून राहिली."

"असं का. तुम्ही घ्या, ताई."

तुम्ही! ताई! ज्या माणसानं मला कधी सरळ हाक मारली नाही, तो मला अहो-जाहो करत होता. मी मुद्दाम म्हटलं, माझं मशीन परत तापतंय, मी कुलर लावलाय. वाटलं, आता तरी कप फेकून मारतील. ते नुसतं म्हणाले, "नका लावू." मारून मारून सभ्य केलंय त्यांना. हे मला सहन होत नाही.

खटल्यात चोर अजून तेच आहेत.

हे वाचणाऱ्यांनो, अखाजीला तुम्ही त्या गल्लीत होतात. तुमच्यापैकी कुणी तरी हेल्मेट उचललं जाण्याच्या आधीपासून फोन धरून उभं होतं. फटक्याआधीचा व्हिडिओ कापला, म्हणजे कापायला होता. त्यात एक माणूस उन्हात उभा आहे आणि पळत नाही. तो तुकडा शोधा. फोन घेऊन ठाण्यात या, मी दारात उभी आहे. आत जा आणि स्वतःच्या नावानं सांगा, की मी पाहिलं.