चौबळांच्या कथेचा शेवट

दुपारचं जेवण झालं की छापखान्याच्या पंख्याखाली कुणाचाही डोळा लागतो, आणि इंदुमतीबाई रेगे तर सकाळपासून एकाच पानावर अडून बसल्या आहेत. दिवाळी अंकातली विश्राम चौबळांची विज्ञानकथा. मंगळावरचे लोक पृथ्वी जिंकायला येतात आणि अर्ज घेऊन तहसील कचेरीत अडकतात, इथवर लिहून चौबळ श्रावणात गेले. शेवट तेवढा राहिला, तो आता बाईंनी लिहायचाय. पाच वाजता पान छपाईला जाणार, आणि तीस वर्षं मुद्रितं तपासून लोकांच्या चुका काढणाऱ्या बाईंना स्वतःची एक ओळ सुचत नाहीये.

डोळे मिटतात. पंखा फिरतोय, पण खाली लाल धुळीचं मैदान आहे. मैदानात कचेरीची खिडकी, आणि रांगेत चुरगळलेल्या बुशशर्टातले चौबळ.

"अहो, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की! पण इथं मृत्यूचा दाखला मागतात. तो राहिला आमच्या हिच्या कपाटात."

"आणि कथेचा शेवट?"

"तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय मला कधी शेवट सुचलाय? तीस वर्षं तुम्हाला हसवायला लिहिलं, बाई. एकदा तरी हसायचं होतंत."

कामात हसलं की चूक निसटते, अशी बाईंची समजूत.

"मी घरी जाऊन हसायचे," त्या म्हणतात. "उशीत तोंड खुपसून."

"कुठल्या कथेला?"

"सगळ्या."

चौबळांचा चेहरा असा खुलतो की बाईंना भरून येतं. रांग सरकते, आणि दोघं उडुप्याच्या हॉटेलात समोरासमोर बसलेले असतात. मध्ये दोन कप चहा. बाईंना एकदम धीर येतो.

"अर्ज मंजूर व्हायला दोनशे वर्षं लागतात. तोवर मंगळवाल्यांची पतवंडं त्याच कचेरीत कारकून होतात. पृथ्वी तुमची झाली, असा कागद येतो. ती मान वर न करता म्हणतात, ठेवा तिकडे, जेवणाची सुट्टी आहे."

चौबळ टेबलावर थाप मारून खो खो हसतात. कप कलंडतात.

"बाई, शेवट झाला का?" बाई डोळे उघडतात, तर संपादक सबनीस समोर उभे आहेत. बाई भराभर लिहीत सुटतात, आणि मोठमोठ्यानं हसतात.

"तुम्ही चक्क हसताय?"

"हो. जरा उशीरच केला."

सबनीसांची नजर त्यांच्या पदरावर जाते. तो ओला आहे, कोमट आहे, आणि त्याला वेलदोड्याचा वास येतोय.

"चहा सांडला वाटतं," ते गोंधळून म्हणतात. "पण आपला चहा तर अजून यायचाय."