विमलताईचे हात

विमलताई रोज सकाळी कामाला निघताना माझ्या दारात थांबायची आणि दोन्ही तळवे माझ्या नाकापुढं धरायची. "हुंगी दख वं शोभा. वास येस का?" मी साड्यांवर खडे चिकटवत बसलेली असायचे. त्या गोंदानं माझं नाक केव्हाच मेलेलं. तरी मन लावून हुंगायचे आणि सांगायचे, "नाही गं बाई, नुसता साबण." मग ती पदर खोचायची आणि रिक्षाच्या नाक्याकडं चालू लागायची.

विमलताई धुळ्याकडची, नवऱ्यामागं सुरतेत उधन्याला आलेली. नवरा लूमवर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. वेसूकडच्या एका मोठ्या बिल्डिंगमध्ये कापडाच्या एका व्यापाऱ्याकडं ती दिवसभराच्या कामाला होती. त्या बिल्डिंगमध्ये अंडंसुद्धा चालत नाही, तशी पाटीच लावलेली. आदल्या दिवशी आमच्या चाळीत बोंबील भाजले असले तर शेठाणीला म्हणे दुसऱ्या दिवशी विमलताईच्या हातांना वास यायचा. एकदा विमलताईनं हात धुऊन मळलेली कणीक शेठाणीनं तशीच फेकून दिली. तेव्हापासून विमलताईला ही हात हुंगवायची सवय लागली. तिचा जेवणाचा डबाही घरात न्यायची बंदी होती. खाली पार्किंगमध्ये, गाड्यांच्या आडोशाला बसून ती जेवायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "जाऊ दे वं माय. त्यास्नं घर, त्यास्ना नियम."

तिथं ती टिकली ती हर्षिलपायी. शेठाणी बाळंतीण असतानाच ही तिथं लागली होती, त्यामुळं ते पोर हिच्या मांडीवरच वाढलं. तिला तो 'मासी' म्हणायचा. त्याला ताप आला की ही इकडं उपाशी. बारावीत तो पास झाला तर अख्ख्या चाळीला पेढे हिनं वाटले, जसा काही हिच्याच घरातला! "मना पोऱ्या शे तो," असं म्हणताना तिचा चेहरा असा काही फुलायचा, की मला पुढं काही बोलवत नसे.

मग त्या पोराला कुत्र्याचं वेड लागलं. बर्फातलं, निळ्या डोळ्यांचं, हे एवढं केसाळ कुत्रं, आणि ते सुरतेच्या उन्हात! दिवसभर एसीत. नाव ब्रुनो. त्याला शिकवायला एक जण यायचा. त्यानं फर्मान काढलं, की ह्याला पोळी नको, भात नको, शिजवलेलं काही नको. कच्चं मांस द्या. कोंबडीच्या माना, बोकडाची कलेजी, हाडंसुद्धा कच्चीच, कारण शिजवलेल्या हाडाचे तुकडे घशात टोचतात. हर्षिलनं मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि हट्ट धरला.

शेठाणीनं हे काम कुणाला सांगावं? विमलताईला! "विमलबेन, तमे तो खाओ छो ने? तमने शुं वांधो?" तुम्ही तर खाता, तुम्हाला काय अडचण! ज्या हातांची कणीक फेकली, तेच हात आता बरोबर चालले. घरच्या फ्रिजमध्ये मात्र मांस ठेवायचं नाही, म्हणून रोजचं रोज ताजं न्यायचं. सकाळी उधन्याच्या मटणवाल्याकडं जायचं, डबा भरायचा, तो पिशवीच्या तळाशी ठेवायचा आणि वर मेथीची जुडी. मग हात साबणानं, लिंबानं घासून माझ्या दारात. "वास येस का?"

तो डबा तिच्या भावानं लग्नात दिलेला, जाड स्टीलचा. झाकणावर नाव कोरलेलं: विमल रामदास. मी म्हटलं, "अगं ताई, नावाचा डबा कशाला नेतेस? प्लॅस्टिकची पिशवी ने." तर म्हणाली, पिशवी गळते, हा डबा गळत नाही. आणि भावाच्या डब्यातून नेलं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत नाही. आता ह्यावर काय बोलावं!

घराच्या मागं भांडी घासायच्या चोकडीत ती कागद अंथरायची आणि ब्रुनोला आपल्या हातानं भरवायची. तो दुसऱ्या कुणाच्या हातून खातच नसे. "खाय रे भाऊ, खाय," ती त्याला म्हणायची. "तुले कोन ईचारस?" हे सांगताना ती हसायची, मला मात्र आतून आग लागायची. कुत्रा वर कलेजी खातोय आणि ही खाली पार्किंगमध्ये बटाट्याची भाजी. कुत्र्याचं झाल्यावर ती फिनाइलनं चोकडी धुवायची, उदबत्ती लावायची. कुणाला कळता कामा नये, एवढं एकच तिला बजावलेलं. कळलं तर बिल्डिंगची कमिटी कुत्रा ठेवू देणार नाही, आणि कुत्रा गेला तर आपला हर्षिल जेवणार नाही, हे तिच्या मनानं घेतलेलं.

श्रावण लागला. विमलताईनं शेठाणीला विचारलं, की महिनाभर थांबवायचं का? बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे उपास, खाली रोज भजनं. शेठाणी हो म्हणाली. हर्षिल ऐकेना. "मासी, डायट तोडला तर त्याचं पोट बिघडेल. तू आण ना." पोरानं 'आण ना' म्हटल्यावर ही थांबते काय?

आणि नेमकं तेव्हाच झालं. लिफ्टमध्ये गर्दी, पूजेचं ताट घेतलेल्या बायका. कुणाचा तरी धक्का लागला, पिशवी पडली, डब्याची कडी निघाली. पांढऱ्याशुभ्र फरशीवर रक्त आणि कोंबडीच्या माना. किंकाळ्या, आरडाओरडा. सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. वॉचमननं कागदात धरून डबा वर केला, कमिटीच्या माणसानं झाकणावरचं नाव मोठ्यानं वाचलं. शेठाणी पुढं आली आणि म्हणाली, "बेन, आ तमे क्यांथी लाव्या?" हे कुठून आणलंत! जशी काही आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती.

विमलताईनं हर्षिलकडं पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. संध्याकाळी ती माझ्या दारात बसली होती, डबा मांडीवर घेऊन.

"मी सांगी टाकं, डबा मना शे आनि मटन बी मनंच शे. मना खावानं."

"अगं, कच्चं मटण? कामावर कुणी कच्चं मटण खायला नेतं का? एकानंही विचारलं नाही?"

"एक बाई म्हने, ये लोग कच्चा भी खा लेते हैं."

मला रडू फुटलं. ती रडली नाही. उलट मलाच समजावत होती. पोराचं नाव राहिलं, कुत्रा राहिला. "इतला दिन झाया, कोनले म्हाईत नही. मी वास येऊच दिला नही," असं म्हणाली आणि माझ्याकडून कुणाला न सांगायची शपथ घेतली. तेवढाच तिचा अभिमान उरला होता, तो मी कशाला मोडू!

गेट तिला बंद झालं. तिचा फोटो आजूबाजूच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरला, कुठंच काम मिळेना. माझ्याशेजारी बसून ती साड्यांचे धागे कापायला लागली. शेठाणीचा फोन नाही, हर्षिलचा नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. शेवटी शेवटी ती दाराकडं बघत असायची. कुणाची वाट पाहत होती ते मी विचारलं नाही.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला हर्षिल आला. कुणीतरी कळवलं असेल. पांढरा शर्ट, हातात हार. बुद्धवंदना झाल्यावर तो दोन शब्द बोललासुद्धा: मासी घरातली होती, फार इमानदार होती. लोकांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. खिरीची वाटी त्यानं हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आंटी, आपके यहाँ कोई है क्या? मासी जैसी. खानेवाली हो तो अच्छा. ब्रुनो किसी के हाथ से ठीक से खाता नहीं."

मी घरात गेले, तिचा डबा आणला, झाकण त्याच्यापुढं धरलं. "वाच." त्यानं वाचलं. "आता ह्या सगळ्यांपुढं सांग, ह्यात कुणाचं खाणं होतं. मेलेल्या बाईवरचा आळ तरी काढ."

तो गोंधळला. लाजला असंही नाही. मला काहीच कसं कळत नाही, असं त्याच्या तोंडावर होतं.

"आंटी, उसमें बताना क्या है? रोज लिफ्ट में बास आती थी. पहले दिन से सबको पता था."