रीस्टार्ट प्रकरणी माझा जबाब

आमच्या घरातला कॉम्प्युटर मनाला येईल तेव्हा बंद पडून आपोआप पुन्हा चालू होत असे, आणि कॉम्प्युटर बंद पडू न देणे हा माझा व्यवसाय आहे.

व्हाइटफील्डला एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. कुठे काही कोसळलं की पहिला फोन मला. ते का कोसळलं हे शोधायचं, पुन्हा कोसळू नये याची तजवीज करायची आणि कोणाचंही नाव न घेता तीन पानी अहवाल लिहायचा, हे माझं काम. पंधरा वर्षं करते आहे. नवऱ्याचा, म्हणजे प्रसादचा, कारखाना यशवंतपूरला, म्हणून घर यशवंतपूरला, म्हणून मी रोज मेट्रोने सगळं बंगळुरू आडवं कापून कामाला जाते. मला अक्कल कमी नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

गेल्या वर्षी माझे सासू-सासरे निपाणीहून आमच्याकडे राहायला आले. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, सासूबाईंना अक्का. अण्णांनी निपाणीत एका वकिलांच्या ऑफिसात चाळीस वर्षं मराठी टायपिंग केलं. शेजारच्या टेबलावर बसाप्पा कन्नड टायपिंग करायचे. दोघांचा चहा एक, डबा एक आणि भांडण रोज नवं. बसाप्पा गेले आणि अण्णांचं गावातून मनच उडालं. इथे आले ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. काही विचारलं की "होय" नाहीतर "नको". मला फार वाईट वाटायचं, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

मग बसाप्पांच्या मुलाचा फोन आला. वर्षश्राद्धाला आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं होतं आणि पहिला लेख अण्णांचाच हवा होता. मजकूर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत निपाणीच्या छापखान्यात पोचायला हवा. अण्णा खुर्चीतून उठले!

"मुग्धा, मला बटणांचं मशीन दे."

"अण्णा, मोबाइलवर मराठी टाइप करता येतं."

"ते टायपिंग नव्हं. त्या गुदगुल्या."

हॉलमध्ये आमचा जुना, मोठा कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. रविवारी मी त्यावर टाइपरायटरसारखीच अक्षरं असलेला एक जुनापुराणा मराठी प्रोग्राम घालून दिला. अण्णांनी बाह्या वर सारल्या, बोटं मोडली आणि सुरुवात केली. काय तो वेग! अक्का हातातली कोथिंबीर तशीच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "वर्षानं ऐकला बघ हा आवाज," म्हणाल्या आणि डोळे पुसून आत गेल्या. तो दिवस हात बसवण्यातच गेला. लेख सोमवारपासून.

सोमवारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि अण्णांचा फोन.

"मुग्धा, मशीन मेलं."

"मेलं म्हणजे?"

"मेलं. थांब... जिवंत झालं. खरं, लेख कुठं गेला?" (तिकडच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'.)

"सेव्ह केला होतात का?"

"पान कुठं पुरं झालतं?"

झालं! टाइपरायटरवर पान भरल्याशिवाय कोणी कागद ओढून काढत नाही, तसंच पान भरल्याशिवाय सेव्ह करायचं नाही, असा अण्णांचा कायदा. आणि एक पान भरायला त्यांना दीड तास लागे, कारण मधेच बसाप्पांचं काहीतरी आठवून ते नुसते बसून राहात. मी त्यांना दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची शपथ घातली. त्यांनी ती घेतलीही. पण लिहायला लागले की ते शपथच काय, जेवणसुद्धा विसरत.

संध्याकाळी मी स्वतः दोन तास कॉम्प्युटरवर बसून पाहिलं. काही नाही. सगळं कसं सुरळीत! मी निष्कर्ष काढला की मिक्सरमुळे विजेचा दाब खाली जातो. मिक्सर बंद!

"मग चटणी काय कॉम्प्युटरात वाटू?" अक्कांनी विचारलं.

मंगळवारी मिक्सर बंद होता, शिवाय मी घाईने मागवलेला यूपीएस चालू होता. कॉम्प्युटर तरीही गेला आणि लेखाचं पाऊण पान घेऊन गेला. आता माझा संशय उष्णतेवर. मी डबा उघडला, आतली धूळ काढली आणि समोर टेबलफॅन लावला. अण्णांचे टिपणांचे कागद हॉलभर उडाले. "माणसाला नाही आणि मशीनला वारा घालतीया!" अक्का कागद गोळा करता करता पुटपुटल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बुधवारी मी ठरवलं, आता गुन्हेगाराला रंगेहाथ पकडायचं. अण्णांनी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि मी ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर पाहात बसायचं. बसले. दोन तास बसले! कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. पण अण्णाही हलले नाहीत. दोन तासांत त्यांनी 'निपाणी' एवढंच टाइप केलं.

"अण्णा, लिहा की!"

"तुझ्या देखत बसाप्पाबद्दल काय लिहू?" ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी फोन बंद केला. मग त्यांनी भराभरा लिहिलं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कॉम्प्युटर गेला.

"तुला भिऊन असतंय ते," अक्का मला म्हणाल्या. "तू बघतीस तोवर गुमान चालतंय."

गुरुवारी सकाळी मी मंजुनाथला घरी बोलावलं. हा आमच्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. आल्या आल्या त्याने वायफायचा पासवर्ड मागितला, "मॅडम, स्वल्प टाइम द्या" म्हणाला आणि आतले दोन भाग बदलले. अडीच तास बसला, अक्कांची कॉफी दोनदा प्याला. त्याच्यासमोर कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा वागला. "आयतु!" (झालं!) म्हणून तो गेला आणि मी ऑफिसला निघाले. मेट्रोने निम्मं शहर ओलांडलं असेल नसेल, अण्णांचा फोन. या वेळी आवाज अगदी शांत होता.

"मुग्धा, मला निपाणीला सोडून ये. बसाप्पाबद्दल लिहायचं माझ्या नशिबात दिसत नाही."

वर्षभराने हा माणूस बाल्कनीतून आत आला होता आणि मी, मोठी शहाणी, त्याला एक धड यंत्र देऊ शकत नव्हते. पुढच्या स्टेशनवर उतरून मी उलटी फिरले. प्रसादलाही कारखान्यातून बोलावून घेतलं.

"अण्णा, हा कॉम्प्युटर भंगारात. आजच नवा आणते," मी दारातूनच जाहीर केलं.

अण्णांनी चष्मा लावला. "चौकशीशिवाय फाशी नाही. आधी सगळ्यांचे जबाब होऊ देत."

"अण्णा, हे तांत्रिक आहे. यात जबाब कसले?"

"तुझं तांत्रिक चार दिवस बघितलं की," अण्णा म्हणाले. मी खाली बसले.

पहिला जबाब प्रसादचा. तो दिवसभर घरात नसतो, हे त्याने मान्य केलं आणि सुटला. मग अक्का.

"नाव?"

"अहो, पन्नास वर्षं झाली लग्नाला!"

"नाव सांगा."

"कमल."

"मी टायपिंगला बसल्यावर तुम्ही काय काय करता?"

"तुमचा चहा करते. टीव्हीवर भजन बघते. ते झालं की बटणं बंद करते."

"कुठली कुठली?"

"टीव्हीचं. हॉलच्या दिव्याचं. आणि त्या लुकलुकणाऱ्या पेटीचं."

मी ताडकन उठले. "राउटर? अक्का, तुम्ही राउटर बंद करता?"

"मग? घरात कोण असतंय इंटरनेट बघायला? हे नुसतं टायपिंग करतात. उगीच कशाला जळत ठेवायचं?"

"आणि काल मी व्हिडिओ कॉलवर होते तेव्हा?"

"तेव्हा चालू होतं की. तुला दिसायला नको? तू फोन ठेवलास, मग बंद केलं."

"आणि मंजुनाथ?"

"त्यानं तर मागूनच घेतलं. तो गेल्यावर बंद."

"सापडलं!" मी ओरडले. मी पाहात असले की इंटरनेट चालू, अण्णा एकटे असले की बंद! मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं, आणि अक्का मटकन सोफ्यावर बसल्या.

"माझ्यामुळं यांचं लिहिलेलं गेलं होय?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. मी "जाऊ द्या हो" असं अगदी मोठ्या मनाने म्हटलं. (ते आठवलं की अजून मला माझी लाज वाटते.)

तेवढ्यात प्रसाद म्हणाला, "पण राउटर बंद केला म्हणून कॉम्प्युटर कशाला रीस्टार्ट होईल? टायपिंगला इंटरनेट लागत नाही. आईचं बरोबरच आहे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला एकदम दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आता तुझा जबाब राहिला."

सांगावं तर लागलंच. त्या दिवाळीला आम्ही दहा दिवस पुण्याला माझ्या माहेरी गेलो होतो. घरावर लक्ष राहावं म्हणून मी या कॉम्प्युटरला कॅमेरा जोडला होता. पहिल्याच दिवशी इंटरनेट जाऊन परत आलं, पण कॉम्प्युटर अडकूनच बसला आणि दहा दिवस आम्हाला काही दिसलं नाही. परत आल्यावर 'पुन्हा असं होऊ नये' म्हणून मी स्वतःच्या हातांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. अर्धा तास इंटरनेट दिसलं नाही, की कॉम्प्युटरने स्वतःला रीस्टार्ट करून घ्यायचं. पुढे कॅमेरा काढून टाकला. प्रोग्राम मात्र आत राहिला, आणि मी तो साफ विसरले. पंधरा वर्षांत मी लिहिलेला हा एकच प्रोग्राम असेल, जो एकदाही चुकला नाही!

"मशीन कधी का बंद पडलं, याची कुठं नोंद नसते होय?" अण्णांनी उलटतपास चालू ठेवला.

"असते. आतच असते." मी ती उघडून दाखवली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोजच्या रीस्टार्टसमोर 'कोणी केला' या रकान्यात माझंच नाव!

"आणि तू ही बघितलीच नाहीस?"

"ऑफिसात पहिलं तेच बघतो हो आम्ही. पण घरच्या कॉम्प्युटरची नोंद कोण बघतं!"

"आमच्या वकिलांनी तुला पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं," अण्णा म्हणाले.

प्रोग्राम काढायला दोन मिनिटं लागली. मग अक्कांनी सर्वांसमक्ष राउटर बंद केला आणि अण्णा मशीनची परीक्षा घ्यायला बसले. परीक्षेचा मजकूर म्हणून त्यांनी माझा जबाबच टाइप केला: 'मी, मुग्धा, वय चाळीस, (मी एकोणचाळीस! आक्षेप फेटाळण्यात आला.) राहणार यशवंतपूर, लिहून देते की, सदर कॉम्प्युटर माझ्याच सांगण्यावरून बंद पडत होता. मी मिक्सर, वीज, धूळ व उष्णता यांवर विनाकारण आळ घेतला. माझ्या सासूबाई निर्दोष आहेत. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' पान भरलं, तासभर झाला, कॉम्प्युटर जागचा हलला नाही. अण्णांनी सेव्ह केलं आणि त्याच दमात पुढचं पान घेऊन बसाप्पांना लिहायला बसले.

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना लेख तयार झाला. "पाठव. खरं, वाचू नको. छापून आल्यावर वाच," अण्णा म्हणाले. मी फाइल न उघडता पाठवली. त्यांनी छापखान्याला फोन करून बजावलं, "माझ्या मजकुरातला काना-मात्रा हलवायचा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीनचारदा गेलं ते बरंच झालं बघ. आधी लिहिला तो बसाप्पा फार थोर झालता. आता जरा बसाप्पासारखा झालाय." मला एकदम हलकं वाटलं.

वर्षश्राद्धाला आम्ही सगळे निपाणीला गेलो. पुस्तकं वाटली गेली. मी पहिलं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत 'माझा बसाप्पा', आणि खाली: 'मी, मुग्धा, वय चाळीस, राहणार यशवंतपूर, लिहून देते की...'

एकाच फायलीत होतं ना दोन्ही! छापखान्याने प्रस्तावना समजून छापलं, काना-मात्रा न हलवता. मंडपात एकेक मान वर होऊ लागली आणि माझ्याकडे वळू लागली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. बसाप्पांच्या बायकोने, शांतव्वांनी, ते पान नातीकडून दोनदा वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वर्षभरात पहिल्यांदाच हसली म्हणे बाई. ते बघून अण्णाही इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग मीही हसले, दुसरं काय करणार?

अक्कांनी मात्र दहा प्रती जास्तीच्या मागून घेतल्या. "कशाला इतक्या?" मी विचारलं. "असू देत की," म्हणाल्या. चार दिवसांनी पुण्याहून माझ्या आईचा फोन आला. तिला टपालाने पुस्तक मिळालं होतं, आणि त्यात 'माझ्या सासूबाई निर्दोष आहेत' या वाक्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या.

"हे तूच लिहून दिलंयस ना? खरं आहे ना हे?" आईने विचारलं.

"हो गं बाई, खरं आहे."

"मग ठीक. तू चूक कबूल केल्याचा जन्मात पहिल्यांदा लेखी पुरावा मिळालाय. मी लॅमिनेशनला टाकूनही आले."