आधी गोठ्यात जाऊन सांगा

डॉ. भास्करराव सरांची आणि माझी पहिली भेट खापर गावच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. मी नुकताच रुजू झालो होतो. नमस्कार करायला वाकलो, तर सर म्हणाले, "ते नंतर. आधी हात धुवा, गाय खोळंबलीय." आज सर पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत आणि त्यांच्यापुढे जाताना मला अजूनही हात धुवावेसे वाटतात.

जनावर पाहिल्याशिवाय सरांनी कधी तब्येतीचा दाखला दिला नाही. एकदा एक ओळखीचे व्यापारी आपला बैल अक्कलकुव्यात ठेवून नुसताच कागद न्यायला आले. सरांनी त्यांना चहा पाजला आणि बैल आणायला पाठवले. इंजेक्शनानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, हे ते काठी गावाकडच्या माणसांना त्यांच्याच बोलीत सांगत आणि त्यांच्याकडून वदवूनही घेत.

पण मी सरांचा खरा ऋणी आहे तो माझ्या एका घोडचुकीमुळे. जवळच्या गावच्या हिरालालभाऊंची गाय माजावर दिसली, म्हणून मी घाईघाईने कृत्रिम रेतन केले. ती आधीच गाभण आहे का, हे तपासलेच नाही. गाय तीन महिन्यांची गाभण होती, त्यामुळे ती गाभडली, पोटातले वासरू गेले. भाऊंना वाटले, नजर लागली. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला, हे आज कबूल करतो. दोन दिवसांनी मात्र राहवेना. सरांना सगळे सांगितले.

"मला कशाला सांगता? गाय माझी आहे का?" एवढेच म्हणून त्यांनी मोटारसायकल काढली.

आम्ही भाऊंच्या गोठ्यात गेलो. सर शेजारी उभे राहिले, पण माझ्या वतीने एक शब्द बोलले नाहीत. अखेर मीच सांगितले. भाऊ गाईच्या पाठीवर हात फिरवू लागले. मग म्हणाले, "माले वाटनं, सूननी नजर लागनी. दोन दिन तिले आम्ही काय काय बोलनूत! आते आम्हलेच तिनी माफी मांगनी पडी." दाराआड सूनबाई उभ्या होत्या. त्या पदराने डोळे पुसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या वेळी ती गाय व्याली, तेव्हा सूनबाईंनी चिकाचा खरवस दवाखान्यात पाठवला, माझ्या नावाने.

अजूनही काही चुकले की मी सरांना फोन करतो. ते विचारतात, "मालकाला सांगितलं?" आता मी सांगूनच फोन करतो, तरी ते विचारतात. सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, आणि हा प्रश्न त्यांनी मला शंभरीनंतरही विचारावा.