टाकीखालची रिकामी बाटली

ती घटना मी अजून विसरलेलो नाही. भूम तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, टाकीत कुणीतरी विष टाकलंय. लोकांनी पाणी सोडणाऱ्याला धरून ठिवलंय. लवकर या."

टाकीच्या शिडीखाली कीटकनाशकाची रिकामी बाटली पडली होती. पाणी सोडणारा, पन्नाशीचा माणूस, सदरा फाटलेल्या अवस्थेत शाळेच्या भिंतीशी बसला होता. टाकीची किल्ली त्याच्याकडं, एवढाच त्याच्यावरचा आरोप. त्याला जीपमध्ये बसवलं, पंचनामा केला, पाण्याचा नमुना आणि बाटली प्रयोगशाळेकडं पाठवली. ठाण्यात फिरवून फिरवून विचारलं. तो एकच सांगत राहिला, "माझी नातवंडं त्येच पाणी पित्यात, साहेब."

अहवाल आला. पाणी पिण्यायोग्य. पाणी सोडणाऱ्याला घरी सोडलं. गाव मात्र ऐकेना. घरोघरी विकतचे जार, लग्नात बाटल्यांची खोकी. मला खटकत होतं ते वेगळंच. विष म्हणावं तर कुणाला साधी उलटीही झाली नव्हती. मग यात फायदा कुणाचा?

गावात जार विकणाऱ्याच्या घरी गेलो. तो बाहेर गेला होता. त्याच्या आईनं रांजणातून तांब्या भरून पुढं केला.

"जारचं का, आजी?"

"न्हाय बा. आमी टाकीचंच पितो."

"भीती नाही वाटत?"

"ल्योक म्हनला, पी बिनघोर."

ठाण्यात बोलावून त्याला आईचं बोलणं ऐकवलं. "धंदा बसला हुता, साहेब. फकस्त रिकामी बाटली ठिवली, ती बी धुऊन. पाण्याला हात लावला न्हाय." त्याच्यावर गुन्हा दाखल केला. गावात जाऊन सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं आणि नळाचं पाणी प्यायलो.

काही महिन्यांनी यात्रेच्या बंदोबस्तासाठी पुन्हा त्या गावात गेलो. दारोदारी जार होतेच, फक्त विकणारा नवा. पाणी सोडणारा कामावर परतला होता. त्याच्याही ओट्यावर एक जार दिसला.

"तुम्हीसुद्धा?"

त्यानं मान खाली घातली. "पाणी चांगलं हाय, मला ठावं हाय. पण माझ्या हातचं कुणी पीत न्हाय, साहेब. आल्यागेल्याला जारचं देतो."

आरोपीनं गुन्हा कबूल केला की संशय मिटतो, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. त्या गावात तहानेपायी जार घेणारा मला कुणी भेटला नाही. काहींनी भीतीनं घेतला, काहींनी शेजाऱ्यानं घेतला म्हणून. आणि ज्याचा काहीच गुन्हा नव्हता, तो आपलं निर्दोषपण रोज विकत आणून दारात ठेवत होता.