माडाचा दोर

नीरेचा ग्लास तोंडाशी नेला, की त्या गोडसर वासासरशी मला बेलापूरजवळची आमची वाडी दिसते.

बाबा प्रत्येक माडाचा एक फुलोरा माडीसाठी तासायचे, दुसरा नारळांसाठी सोडायचे. नव्वदच्या दशकात, मी आठ वर्षांची असताना, रस्त्यासाठी आमचे सगळे माड पाडले. त्या संध्याकाळीही बाबांनी चढायचा दोर कमरेला बांधला, एका आडव्या माडाचा फुलोरा तासला आणि त्याखाली मडकं लावलं.

"आता दोर कशाला, बाबा?" मला हसू आलं.

"अजून जिता हाय तो," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मडकं कोरडं निघालं. बाबांनी कमरेचा दोर सोडून माझ्या हातात दिला. झोका बांधायला मिळाला म्हणून मी खुशीत वाडीभर झाड शोधत फिरले.