कंबर आठशे बेचाळीस

पंचवीस वर्षं शिवणयंत्रावर वाकून वाकून शिंपीणबाईंची मान अशी काही खाली बसली होती, की गिऱ्हाइकांना त्या चपलांवरून ओळखायच्या. दारात कुणी आलं की आधी "या या, लाल पट्ट्याच्या!" आणि मग सावकाश मान वर. डॉक्टर सांगून थकले, "बाई, जरा वर बघत जा." त्या म्हणायच्या, "वर काय आहे? पंखा."

एका मंगळवारी सकाळी यंत्राची मोटर जळली. दुरुस्तीवाला म्हणाला, उद्या देतो. बाईंचे हात शिवशिवायला लागले. बिनकामाच्या त्या दुकानात येरझारा घालत होत्या, तेवढ्यात नणंद गाडी घेऊन हजर. नणंद लोकांना गाडी शिकवायची. त्यामुळे टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी मास्तरांसाठी एक जादा ब्रेक.

"वहिनी, बस. मोठी झाडं बघून येऊ."

"अहो वन्सं, झाड काय, आमच्या मागच्या दारीही आहे."

"ते दातकोरणं आहे. बस म्हणते ना!"

गाव मागे पडलं, रस्ता वळणं घेत चढू लागला, आणि एका वळणावर पहिलं झाड समोर आलं. बुंधा बाईंच्या दुकानाएवढा रुंद. शेंडा कुठे दिसेचना. बाई "अगंबाई!" करून ओरडल्या आणि त्यांचे दोन्ही पाय आपसूक खाली दाबले गेले. गाडी जागच्या जागी गच्च! मागचा ट्रकवाला शिव्या द्यायला डोकं बाहेर काढतो तर समोर 'शिकाऊ'. त्याने मुकाट्याने डोकं आत घेतलं.

"वहिनी, पाय वर घे!"

"वर कुठे घेऊ? डोक्यावर?"

पुढच्या झाडाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. सातव्या ब्रेकनंतर नणंदेने त्यांना सीटवर चक्क मांडी घालून बसवलं.

पहिल्यांदा उतरल्या त्या एका पोकळ झाडासाठी. दहा मिनिटांची पायवाट, आणि बुंध्यात माणूस आरामात शिरेल एवढी फट. बाई आत गेल्या, चारी बाजूंना हात लावून आल्या. "वन्सं, लग्न झाल्यावर आम्ही राहत होतो ना, त्या खोलीपेक्षा ही ऐसपैस आहे. आणि शेजारीपाजारी नाहीत!"

पुढच्या पायवाटेच्या टोकाला सगळ्यांत जाडजूड झाड होतं. तिथे बाईंच्या लक्षात आलं, मापाची टेप गळ्यातच राहिलीय. मग काय विचारता! नणंदेला एका जागी बोट धरायला लावलं, फिरायला आलेल्या एका उंच गृहस्थांना दुसऱ्या जागी.

"बोट हलवू नका हं! माप चुकलं की कापड वाया."

साठ इंचांची टेप चौदा वेळा लागली, वर दोन इंच.

"कंबर आठशे बेचाळीस!" बाईंनी आरोळी ठोकली.

"खिसे किती?" गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं.

"आधी उंची सांगा, मग खिसे!"

उंची बघायला म्हणून बाईंनी मान वर केली. मान कुरकुरली, अर्ध्यावर अडली. तेव्हा त्या सरळ पालापाचोळ्यावर आडव्याच झाल्या. वर, खूप वर, फांद्या हलत होत्या आणि त्यांच्यामधून ऊन खाली सांडत होतं. बाईंना वाटलं, झाड हलत नाहीये, आपणच तरंगतोय. त्यांना हसू फुटलं. थांबेना. हसता हसता उचकी लागली, डोळ्यांना धारा लागल्या.

"काय झालं गं?" नणंद घाबरून वाकली.

"काही नाही हो. तुम्ही बाजूला व्हा, मधे येताय."

मग नणंदही शेजारी आडवी झाली. उंच गृहस्थांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि तेही लवंडले.

घरी परतल्या तेव्हा नवरा जेवण गरम करत होता. "एवढं काय पाहिलंत?" त्याने विचारलं.

बाईंनी दोन्ही हात पसरले. पुरेनात. नणंदेला शेजारी उभं केलं, तिचे हात पसरायला लावले. मग हातातला डाव काढून घेऊन नवऱ्यालाही त्याच रांगेत उभं केलं. तिघं मिळून भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचले.

"हे कंबरेच्या निम्मंसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "थांबा, हात खाली करू नका!" आणि शेजाऱ्यांना बोलवायला जिन्यावरून धावत सुटल्या.